निवृत्त घोडा दत्तक घ्यायचाय – जाणकारांनी जरा बोला

मृद्गंध:
नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळतंय, म्हणून शेवटी धागा काढते. नकोशा घोड्यांना आसरा देणाऱ्या एका संस्थेकडे शर्यतीतून बाद झालेला एक घोडा आहे. कुमेद रंगाचा, खच्ची केलेला, वय नऊ. पुढच्या डाव्या पायाची कंडरा एकदा दुखावली होती. जड स्वार किंवा उड्या चालणार नाहीत, हलकी रपेट चालेल, असं संस्था म्हणते. माझ्याकडे कुंपण घातलेली मोकळी जागा आहे, छप्पर आहे, घोड्यांत वावरायची सवय लहानपणापासून आहे. स्वतःचा घोडा मात्र कधी नव्हता.

विचारायचं ते असं. दत्तक घेतल्यावर घोडा माझ्या मालकीचा होतो की संस्थेचाच राहतो? एकटा ठेवला तर चालेल का? आणि खरं तर मला छळतोय तो प्रश्न वेगळाच आहे. त्याच संस्थेत बरेच म्हातारे, अधू घोडे आहेत. त्यांना घरी कोणी नेणार नाही, म्हणून त्यांच्यासाठी 'दुरून पालक व्हा' असं आवाहन आहे. मग एक बऱ्यापैकी धडधाकट घोडा घरी आणण्यापेक्षा त्याच पैशात तिथल्या चार म्हाताऱ्यांचा खर्च उचलला तर जास्त उपयोग होईल का?

तिरकस:
नावाला जागून आधी एक तिरका प्रश्न. शर्यतीचे घोडे पैदा करणारे करणार, पैसे लावणारे लावणार, आणि पाय गेला की निस्तरायचं तुम्ही-आम्ही? घोडा पंचवीस-तीस वर्षं जगतो. दोन वर्षांचा असताना त्याला पळवायला सुरुवात करतात आणि बहुतेकांची कारकीर्द दहा वर्षांच्या आतच आटपते. राहिलेल्या आयुष्याचा खर्च कुणाच्या नावावर टाकायचा हे त्या धंद्याने कधी नीट ठरवलंच नाही.

फर्डिनंड आठवतो का कुणाला? १९८६ ची केंटकी डर्बी ही अमेरिकेतली नामवंत शर्यत जिंकली, १९८७ मध्ये अमेरिकेत 'वर्षातला सर्वोत्तम घोडा' ठरला. पुढे पैदाशीसाठी जपानला विकला गेला, तिथे त्याला मागणी राहिली नाही आणि २००२ मध्ये कत्तलखान्यात गेला. डर्बी जिंकलेल्याची ही गत, तर शेवटून तिसरा येणाऱ्याचं काय होत असेल?

मृद्गंध, तुम्हाला नाउमेद करत नाहीये. पण आपल्या दयेवर कुणाचा तरी धंदा चाललाय एवढं लक्षात असू द्या.

खरारा:
मोठा प्रतिसाद देतेय, सवडीने वाच. मी अशाच एका संस्थेत बरीच वर्षं हात लावायला जाते. लीद काढणं, खरारा करणं आणि फोनवर लोकांना 'नाही' म्हणणं ही माझी कामं.

आधी तिरकस यांना. मुद्दा बरोबर आहे, पण अर्धा. फर्डिनंडची बातमी फुटल्यावर अमेरिकेतल्या शर्यतवाल्यांवर चांगलाच दबाव आला. २०१२ मध्ये थरोब्रेड आफ्टरकेअर अलायन्स सुरू झाली. शर्यतीच्या धंद्यातून पैसा गोळा करून तो तपासून मान्यता दिलेल्या आसरा-संस्थांना द्यायचा, अशी तिची पद्धत. पुरेसं आहे का? नाही. पण 'काहीच नाही' हे आता खरं नाही.

दुसरं म्हणजे आमच्या फाटकाशी येणारे घोडे शर्यतीतलेच असतात असं मुळीच नाही. मुलं मोठी होतात आणि पोनी लहान पडतो. मालक आजारी पडतो, नोकरी जाते, घटस्फोट होतो. स्वार होता येत नाही म्हणून घोडा बाजूला बसतो आणि मग महाग वाटायला लागतो. कधी कधी तर औषधाच्या बाजारातली उलथापालथही कारण ठरते. रजोनिवृत्तीवरची प्रेमरिन नावाची गोळी गाभण घोड्यांच्या मूत्रातून काढलेल्या संप्रेरकांपासून बनते. त्यासाठी कॅनडात घोड्यांचे मोठमोठे कळप पाळले जायचे. २००२ मध्ये त्या उपचाराचे धोके दाखवणारा मोठा अभ्यास जाहीर झाला, गोळीचा खप कोसळला, आणि हजारो घोड्या न् त्यांची शिंगरं एकदम नकोशी झाली. त्यांनी कुठे शर्यत हरली होती?

आता मृद्गंध, तुझे प्रश्न. मालकीबद्दल सरसकट उत्तर नाही, करार वाचावा लागतो. ब्रिटनमधल्या वर्ल्ड हॉर्स वेल्फेअरसारख्या संस्था घोडा तुझ्याकडे देतात, पण मालकी मरेपर्यंत स्वतःकडे ठेवतात. त्यांची माणसं येऊन बघतात. तुला तो विकता येत नाही, त्याच्यापासून पैदास करता येत नाही, नाही जमलं तर संस्थेलाच परत द्यायचा. काही संस्था ठरावीक काळ देखरेख ठेवून मग मालकी तुझ्या नावावर करतात. अमेरिकेत सरकारी जमिनीवरचे रानटी घोडे दत्तक देतात, त्यात वर्षभराने, घोडा नीट सांभाळलाय असा दाखला दिल्यावर, मालकीचा कागद मिळतो.

लोकांना पहिला प्रकार जाचक वाटतो. 'मी पोसणार आणि घोडा तुमचा?' असं तोंडावर विचारतात. पण त्या अटीत तुझीही सोय आहे. उद्या तुला काही झालं तर घोड्याला परत जायला हक्काचं घर राहतं. जी संस्था कागदावर सही घेऊन घोडा गाडीत चढवते आणि नंतर फोनही करत नाही, तिच्याबद्दल मला जास्त काळजी वाटते.

एकटा ठेवू नकोस. घोडा कळपातला प्राणी आहे. एकटा पडला की कुंपणालगत फेऱ्या मारतो, लाकूड चावतो, खाणं टाकतो. माणसाने दिवसातून दोन तास दिले तरी उरलेले बावीस तास तो एकटाच. शेळी-मेंढीची सोबत काहींना पुरते, पण घोड्याला घोडाच हवा. कळपातले एकमेकांची मान खाजवतात, एक निजला तर दुसरा उभा राहून बघतो.

दुरून पालकत्वाचं नंतर लिहिते, आत्ता वैरण टाकायची वेळ झाली.

हिशेबनीस:
भावनेचं तुम्ही बघा, मी आकडे मांडतो. साधारण ५०० किलोच्या घोड्याला रोज शरीराच्या वजनाच्या दीड ते दोन टक्के कोरडा चारा लागतो. नऊ किलो धरा. वर्षाला सव्वातीन टन. तुमचा नऊ वर्षांचा आहे, म्हणजे अजून अठरा-वीस वर्षं सहज. साठ टनांच्या वर गवत झालं. हे फक्त एका घोड्याचं, आणि खरारा म्हणतात तसं दोन ठेवायचे तर दुप्पट.

पाणी रोज २५ ते ५० लिटर. लीद रोज वीस किलोच्या आसपास, ती कुठे टाकणार हे आधी ठरवा. खूर दर सहा ते आठ आठवड्यांनी कापून घ्यावे लागतात, घोड्यावर कुणी बसो न बसो. दात वर्षातून एकदा. लसी, जंत, आणि मुख्य म्हणजे अडीअडचणीचा निधी. रात्री दोन वाजता पोटशूळ उठला आणि शस्त्रक्रिया लागली तर तो एक खर्च वर्षभराच्या चाऱ्याला भारी पडू शकतो. तो पैसा आधीपासून बाजूला नसेल तर दत्तकाचा विचार तूर्त थांबवा, पालकत्व घ्या.

घोड्याची किंमत या हिशेबात मी धरलीच नाही. फुकट मिळाला काय आणि विकत घेतला काय, पुढच्या आकड्यांपुढे ती रक्कम दिसतसुद्धा नाही.

आभाळमाया:
सगळे जाणकार आहेत म्हणून विचारते. एका व्यापाऱ्याच्या आवारातल्या घोड्यांचे व्हिडिओ सध्या फिरताहेत. 'शुक्रवारी ट्रक भरणार, तोवर पैसे भरले नाहीत तर कत्तलीला' असं खाली लिहिलेलं असतं. आमच्या गटाने त्यातली एक घोडी सोडवायला वर्गणी काढली आहे. बरगड्या मोजता येतात इतकी खंगलीय बिचारी. आली की पहिल्यांदा पोटभर चंदी घालायची असं सगळ्यांनी ठरवलंय. मालकी, करार वगैरे मग बघू. आधी जीव वाचवायला नको का?

नाडीपरीक्षा:
आभाळमाया, बाकीची चर्चा नंतर. मी पशुवैद्य आहे. चंदी घालू नका. पहिले काही दिवस एक मूठसुद्धा नाही.

उपाशी शरीर स्वतःचे स्नायू आणि चरबी जाळून जगत असतं. त्यात एकदम धान्य पडलं की इन्सुलिन उसळतं आणि त्याच्याबरोबर रक्तातलं फॉस्फरस, मॅग्नेशियम, पोटॅशियम पेशींमध्ये ओढलं जातं. रक्तातली पातळी ढासळते, हृदय आणि श्वास बंद पडू शकतात. हे लगेच होत नाही, खायला सुरुवात केल्यावर साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी होतं. म्हणजे घोडी खातेय, डोळ्यांत जीव आलाय, तुम्ही आनंदात फोटो टाकताय, आणि मग ती कोसळते.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिसमधल्या पशुवैद्यकांनी उपाशी घोड्यांवर ओटचं गवत, तयार खाद्य आणि लसूणघास यांची तुलना केली होती. त्यात वाळलेली लसूणघास सगळ्यांत सुरक्षित ठरली. तिच्यात स्टार्च कमी, चांगली प्रथिनं भरपूर, आणि नेमकी जी खनिजं ढासळतात तीही बऱ्यापैकी असतात. पहिले तीन दिवस दर चार तासांनी साधारण अर्धा किलो. दिवसा आणि रात्रीही, म्हणजे पाळ्या लावा. मग थोडं थोडं वाढवत, खेपा कमी करत, दहा दिवसांनंतर ती मागेल तेवढं. पाणी कायम समोर. हे सगळं तिथल्या पशुवैद्याच्या देखरेखीखाली, आणि जंताचं औषधही त्याने सांगितल्याशिवाय नाही. अंग नीट भरायला तीन ते पाच महिने लागतात, कधी जास्तही. घाई करून ते लवकर होत नाही.

अंग किती उतरलंय हे नजरेने ठरवू नका, लांब केसांखाली फसायला होतं. हेनेके यांनी १९८३ मध्ये मांडलेली एक ते नऊची पट्टी जगभर वापरतात. मान, वाघट म्हणजे खांद्यांमधला उंचवटा, खांद्यामागचा भाग, बरगड्या, कंबर आणि शेपटीचं मूळ, या सहा ठिकाणी हात फिरवून अंक द्यायचा. पाच म्हणजे ठीक. एक म्हणजे हाडांवर कातडी. वजनकाटा नसेल तर छातीचा घेर आणि खांद्यापासून पुठ्ठ्यापर्यंतची लांबी सेंटिमीटरमध्ये मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०, की किलोत अंदाज मिळतो. दर आठवड्याला तीच टेप, तीच जागा.

अजून एक. ती बाकीच्या घोड्यांत सोडू नका. व्यापाऱ्याच्या आवारात दहा ठिकाणचे घोडे नाकाला नाक लावून उभे असतात. स्ट्रँगल्स तिथून हमखास येतो. घशाखाली गाठी, ताप, नाकातून पू. किमान तीन आठवडे वेगळी जागा, वेगळ्या बादल्या, वेगळे कपडे. काही घोडे वरून ठणठणीत दिसतात आणि घशामागच्या पिशव्यांत जंतू बाळगून असतात, म्हणून विलगीकरण संपताना तिथली तपासणी करून घ्या. संसर्गजन्य ॲनिमियाची कॉगिन्स चाचणीही करा. तो गोमाशांमधून पसरतो आणि एकदा झाला की घोडा जन्मभर वाहक राहतो.

आभाळमाया:
बापरे. हे गटात कुणालाच माहीत नव्हतं. लगेच सगळ्यांना पाठवते. लसूणघासेचं बघते. पण सोडवायची तर आहेच ना?

खरारा:
इथे मला वाईटपणा घ्यावा लागणार. आभाळमाया, घोडी गाडीत चढली असेल तर नाडीपरीक्षा सांगतात ते अक्षरशः पाळा. पैसे अजून दिले नसतील तर थांबा.

तो शुक्रवारचा ट्रक हीच त्या व्यापाऱ्याची जाहिरात आहे. कत्तलखान्याला ठरावीक संख्येने घोडे लागतात. तुम्ही एक काढला की त्याच्या जागी दुसरा चढतो, ट्रक रिकामा जात नाही. शिवाय तुमच्याकडून घेतलेली रक्कम मांसाच्या भावापेक्षा कितीतरी जास्त असते. त्या नफ्यातून तो पुढच्या लिलावात अजून दोन घोडे उचलतो. त्यातले काही तर गरीब मालकाकडून 'चांगल्या घरी देतो' म्हणून घेतलेले असतात. अमेरिकेतले शेवटचे कत्तलखाने २००७ मध्ये बंद झाले, पण त्यानंतरही घोडे कॅनडा आणि मेक्सिकोत जातच राहिले आणि वाटेतल्या आवारांवर हा व्हिडिओंचा धंदा उभा राहिला. भोक पडलेल्या रांजणात पाणी ओतायचं, आणि भोक पाडणाऱ्याकडूनच पाणी विकत घ्यायचं, असं चाललंय.

आभाळमाया:
खरारा, तुमचं गणित बरोबर असेल. पण ती घोडी गणित नाहीये. तिचा लॉटनंबर मला पाठ झालाय. तिच्या जागी दुसरी जाईल म्हणून हिला जाऊ द्यायचं, हे मला नाही जमत. तुम्ही रोज फोनवर लोकांना 'नाही' म्हणता, तुम्हाला सवय झालीय.

पाऊलखुणा:
आभाळमायांना +१. हॅरी डी लेयरने तरी काय केलं होतं? १९५६ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या लिलावाला उशिरा पोहोचला, तोवर उरलेले घोडे कत्तलीच्या ट्रकमध्ये चढले होते. त्यातला एक मळकट पांढरा नांगराचा घोडा त्याने ऐंशी डॉलरला उतरवून घेतला. पुढे शेजारच्या एका डॉक्टरला विकला तर तो पठ्ठ्या कुंपणांवरून उड्या मारत परत आला. दोन वर्षांत तोच स्नोमॅन अमेरिकेतल्या सगळ्या नामवंत उडी-घोड्यांना हरवून अजिंक्य ठरला. ट्रकमधून उतरवलेला घोडा!

तिरकस:
आणि त्याच ट्रकमधले बाकीचे? त्यांच्यावर कुणी पुस्तक लिहिलं नाही.

पाऊलखुणा, गोष्ट मलाही आवडते. पण स्नोमॅन चॅम्पियन झाला म्हणून वाचवायच्या लायकीचा होता असं वाटायला लागतं, आणि लोक लिलावात पुढचा स्नोमॅन शोधत फिरतात. बहुतेक घोडे घरी येऊन फक्त खातात, उभे राहतात आणि म्हातारे होतात. ते ज्याला चालेल त्यानेच न्यावेत.

हिशेबनीस:
आभाळमायांच्या गटाला एक सुचवतो. वर्गणी जमलीच आहे तर व्यापाऱ्याच्या एक पायरी आधी खर्च करा. लिलावात घोडा येतो तो कुणाच्या तरी घरून. त्या घरी तीन महिन्यांचं गवत, एकदा नालबंद, एखादा अनावर नर घोडा खच्ची करून देणं, एवढ्यावर घोडा तिथेच टिकतो. घोडीचा गर्भकाळ अकरा महिने असतो. एक नर खच्ची झाला की पुढच्या वर्षी किती नकोशी शिंगरं जन्माला येणार नाहीत हे तुम्हीच मोजा. व्हिडिओ निघत नाही त्याचा, एवढीच अडचण.

सरकारही पैसे चुकीच्या जागी टाकून फसतं. रानटी घोडे लवकर दत्तक जावेत म्हणून अमेरिकेत २०१९ पासून घेणाऱ्यालाच हजार डॉलर द्यायला लागले. काहींनी मालकीचा कागद हातात पडेपर्यंत वाट बघितली, पैसे घेतले आणि घोडे लिलावात पाठवले. २०२१ मध्ये ते वर्तमानपत्रांत आलं.

खरारा:
आभाळमाया, सवय होत नाही. 'नाही' म्हटलेले काही आवाज अजून ओळखता येतात मला. पण जागा पन्नास घोड्यांची आणि ठेवले नव्वद, असं करून बुडालेल्या संस्था मी बघितल्यात. तिथून मग आम्हालाच घोडे उचलून आणावे लागले, आणि ते त्या संस्थेत आले होते त्याहून वाईट अवस्थेत होते. दयाळू माणसांनीच त्यांची ती गत केली होती. म्हणून जागा संपली की दार बंद, हा नियम मी मानते. तुम्ही घोडी आणायचीच ठरवलीत तर मी भांडणार नाही. नाडीपरीक्षांना धरून राहा आणि तिचं वीस वर्षांचं घर आजच लिहून काढा. गटाचं घर म्हणजे कुणाचंच नाही. एक नाव हवं.

मृद्गंध, आता तुझ्या पालकत्वाच्या प्रश्नाकडे येते. ब्रिटनमधल्या रेडविंग्ज किंवा डॉंकी सँक्चुअरीसारख्या मोठ्या संस्था हे जुन्या काळापासून करतात. तू एखाद्या नावाच्या घोड्याची किंवा गाढवाची निवड करतेस, फोटो येतो, खुशाली येते, भेटायला जाता येतं. एकाच घोड्याचे शेकडो पालकही असू शकतात आणि पैसा बहुधा सगळ्यांच्या चाऱ्यात जातो. हे कळल्यावर काही जण नाराज होतात. मी म्हणते, बरंच आहे. नाहीतर पांढऱ्या आयाळीच्या गोंडस पोनीला तूपरोटी, आणि आमच्याकडची एक जुनी घोडी, जी कान मागे टाकून प्रत्येकाला चावायला धावते, ती उपाशी. तिला आजवर एक पालक मिळाला, तोही फोटो बघून. प्रत्यक्ष भेटला नाही अजून.

पालकाच्या पैशाची खरी किंमत तो दर महिन्याला येतो यात आहे. एकदम मोठी देणगी आली की छप्पर दुरुस्त होतं. पण हंगामात गवत स्वस्त असताना वर्षभराचं भरून ठेवायचं की नाही, हे महिन्याचा भरवसा असल्याशिवाय ठरवता येत नाही. शिवाय म्हाताऱ्यांसाठी दुसरा मार्गच नाही. दात गेलेला घोडा गवत चावू शकत नाही, त्याला दिवसातून चार-पाच वेळा भिजवलेलं खाद्य लागतं. नोकरी करणारा माणूस घरी ते करू शकत नाही, आम्ही पाळीने करतो.

तर तुझ्या प्रश्नाला माझं उत्तर: ज्याच्याकडे जागा, सोबत आणि वीस वर्षं आहेत त्याने घोडा न्यावा, कारण त्याने तिथली एक जागा मोकळी होते आणि दारावर थांबलेला पुढचा आत येतो. ज्याच्याकडे यातलं एकही कमी आहे त्याने पैसे द्यावेत. दोन्हींत कमी-जास्त पुण्य नाही.

पाऊलखुणा:
एक विचारू का, राग मानू नका. ज्यांना सतत वेदना आहेत, ज्यांना कुणी नेणार नाही, त्यांना इंजेक्शन देऊन कायमचं झोपवण्याबद्दल अशा संस्था उघड बोलत का नाहीत? पालकांना आवडत नाही म्हणून?

नाडीपरीक्षा:
काही बोलतात, आणि बोलायला हवं. या कामाच्या मुळाशीच ते आहे. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश सैन्याने आपले हजारो घोडे इजिप्तमध्येच विकून टाकले. १९३० मध्ये डोरोथी ब्रुक कैरोला गेल्या तेव्हा ते घोडे अजून गाड्या ओढत होते. म्हातारे, आंधळे, खूर फाटलेले. १९३१ मध्ये त्यांनी लंडनच्या मॉर्निंग पोस्टला पत्र लिहिलं, लोकांनी पैसे पाठवले, आणि पुढच्या तीन वर्षांत त्यांनी असे पाच हजार घोडे विकत घेतले. त्यातल्या बहुतेकांना त्यांनी शांतपणे मरण दिलं, कारण त्यापलीकडे देण्यासारखं काही उरलं नव्हतं. याला कुणी सुटका म्हणणार नाही असं वाटतं, पण त्या घोड्यांना दुसरी कुठली सुटका होती? १९३४ मध्ये तिथेच त्यांनी मोफत दवाखाना काढला, म्हणजे पुढच्या घोड्यांवर ती पाळी उशिरा यावी. ब्रुक ही संस्था आजही काम करते.

मी स्वतः मालकांना विचारतो: तो आडवा पडतो का, उठतो का, बाकीच्यांबरोबर चालतो का, खातो का? दोन-तीन 'नाही' सलग आले की बोलायला बसतो. व्यापाऱ्याच्या आवारापर्यंत पोहोचलेले कित्येक घोडे असे असतात की मालकाकडे त्या शेवटच्या इंजेक्शनचे आणि नंतरच्या विल्हेवाटीचे पैसे नव्हते, किंवा धीर नव्हता. त्यासाठी मदत करणारा निधी कुठल्याही गटाला काढता येईल. वर्गणी मिळणं अवघड, हे मान्य.

आभाळमाया:
गटात कालपासून भांडणं चालू आहेत. शेवटी असं ठरलं: घोडी आमच्यातली एक जण स्वतःच्या नावावर घेतेय, तिच्याकडे आधीच दोन घोडे आणि वेगळी बंदिस्त जागा आहे. व्यापाऱ्याला ही शेवटची रक्कम. पुढची वर्गणी हिशेबनीस म्हणतात तशी. खरारा, कालचं शेवटचं वाक्य लिहायला नको होतं, वाईट वाटून घेऊ नका.

हिशेबनीस:
रात्रीच्या पाळ्यांचा तक्ता करून देऊ का? चार तासांच्या खेपा माणसं विसरतात.

आभाळमाया:
द्या ना!

मृद्गंध:
एवढं सगळं वाचून संस्थेशी पुन्हा बोलले. मालकी त्यांचीच राहणार आणि त्यांचा माणूस न सांगता येऊन बघणार. मला चालेल. माझं बरंवाईट झालं तर घोडा कुणाकडे, हे करारात स्पष्ट नव्हतं, ते घालून मागितलं आणि त्यांनी लगेच घातलं. सोबतीचं विचारलं तर म्हणाले, तो आत्ता एका बावीस वर्षांच्या पोनी घोडीबरोबर राहतो, दोघं एकमेकांना सोडत नाहीत. तिलाही द्यायला तयार आहेत. तिच्यावर कुणी बसत नाही, नुसती सोबत. चाऱ्याचा हिशेब हिशेबनीसांच्या आकड्यांनी मांडला, दोघांचा बसतोय. अडीनडीचा निधी वेगळा काढलाय. दूरच्या पालकत्वाला मात्र आता पैसे उरत नाहीत.

आता नाडीपरीक्षा, तुम्हाला विचारायचंय: दोघांना एकाच कुरणात सोडलं तर चालेल ना?

नाडीपरीक्षा:
सोडा, पण चारा एक नको. शर्यतीतून आलेल्याला गवत भरपूर लागेल. त्या घोड्यांना आयुष्यभर जास्त धान्य आणि कमी गवत मिळालेलं असतं, बहुतेकांच्या जठरात व्रण असतात. त्याला दिवसभर काहीतरी चघळायला हवं, आणि पोट सुधारल्याशिवाय रपेटीचा विचार नको. पोनीचं उलट आहे. त्या वयात तिला हिरवं गोड गवत पोटभर मिळालं तर लॅमिनायटिस, म्हणजे खुरांच्या आत दुखरी सूज, होऊ शकते. संस्थेला सांगून तिची पीपीआयडीची, म्हणजे म्हाताऱ्या घोड्यांत होणाऱ्या संप्रेरकांच्या बिघाडाची, रक्ततपासणी आधी करून घ्या. अंगावर लांब कुरळे केस आहेत का, हिवाळा संपल्यावरही झडत नाहीत का, तेही विचारा. तिच्यासाठी कुरणाचा एक तुकडा तारेने वेगळा काढा, तो असा की दोघं कुंपणावरून नाकाला नाक लावू शकतील, किंवा चरताना तिला मुसकी घाला.

कंडरेची सोनोग्राफी नवीन आहे का? जुनी असेल तर पुन्हा करून मागा. तपासणीच्या दिवशी रक्ताचा एक नमुना काढून ठेवायला सांगा. संस्थेवर अविश्वास म्हणून नाही. वेदनाशामक देऊन लंगडणं झाकलेलं नाही ना, हे पुढे कधी वाद झाला तर त्यावरून कळतं.

मृद्गंध:
सोनोग्राफी मागच्या वर्षीची आहे. पुन्हा करायला सांगते. पोनीच्या अंगावर भरपूर केस आहेत खरे, मला ते गोड वाटले होते.

नाडीपरीक्षा:
मग रक्ततपासणी आधी, गाडी नंतर. पीपीआयडी निघाला तरी न्यायला हरकत नाही, रोजची एक गोळी असते. फक्त ती हिशेबनीसांच्या तक्त्यात घाला.